नसलेली जाळी

गॅलरीच्या दाराची जाळी फाटली होती. सुतार आला, फाटकी जाळी उचकटून घेऊन गेला आणि “नवी चार दिवसांत लावतो” म्हणाला. मागे उरली नुसती चौकट. बिजागऱ्या होत्या, कडी होती, दारात मात्र फक्त हवा होती.

संध्याकाळी गोट्या, म्हणजे आमचा कुत्रा, रोजच्यासारखा दारापाशी जाऊन बसला आणि ‘दार उघडा’ या अर्थाचं एकदा भुंकला. मी बसल्या जागेवरून म्हटलं, “अरे जा की, जाळी नाहीये.” त्यानं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं आणि पुन्हा भुंकला. तेवढ्यात आमची मनी त्याच्या अंगावरून शेपटी फिरवत आली, चौकटीतून आरपार गेली आणि पलीकडे उन्हात बसली. गोट्यानं हे सगळं कान टवकारून, मान तिरकी करून, अगदी अभ्यासूपणे पाहिलं. मग माझ्याकडे वळून आणखी जोरात भुंकला. तिला सोडलंस, मला का नाही?

शेवटी मी उठले, कडी काढली आणि ती हवेनं भरलेली चौकट रीतसर उघडली. गोट्या शेपूट हलवत, उपकार मानत बाहेर गेला.

“गाढव आहे,” नवरा पेपरमागून म्हणाला.

आमच्या घरात या विषयावर दोन तट आहेत. नवरा मनीचा, लेक गोट्याची, आणि मी ज्या दिवशी जो कमी त्रास देईल त्याची. त्या दिवशी मनीचा पक्ष भलताच जोरात होता. पण चार दिवसांनी सुतारानं नवी जाळी बसवली. तो जाऊन पाच मिनिटं झाली नसतील, मनी त्याच ऐटीत चालत आली आणि जाळीवर थाडकन नाक आपटून घेतलं. क्षणभर ती तशीच उभी राहिली. मग खाली बसली आणि पंजा चाटू लागली, जणू इथवर येऊन, नाक टेकवून, पंजा चाटायचा हेच मुळात ठरलं होतं. फजिती झाली की अंग चाटायला घ्यायचं, ही युक्ती माणसांना जमत नाही म्हणून, नाहीतर निम्म्या मीटिंगा तशाच पार पडल्या असत्या.

तेव्हापासून मला प्रश्न पडलाय, की या दोघांतलं हुशार कोण आणि ते ठरवायचं कशावरून. लेकीनं इंटरनेटवर उत्तर शोधलं. २०१७ साली शास्त्रज्ञांनी मेंदूच्या बाह्यपटलातल्या चेतापेशी मोजल्या, त्यात कुत्र्याच्या निघाल्या सुमारे ५३ कोटी आणि मांजरीच्या सुमारे २५ कोटी. “बघा, दुप्पट!” तिनं जाहीर केलं. नवऱ्यानं पुढचा मजकूर वाचून काढला. त्याच मोजणीत अस्वलाचा मेंदू मांजरीच्या कितीतरी पट मोठा असूनही त्यातल्या पेशी मांजरीएवढ्याच भरल्या होत्या. यातून काय सिद्ध झालं ते कुणालाच कळलं नाही, पण वाद तिथे थांबला. गोट्या तेव्हा स्वतःच्या त्रेपन्न कोटी पेशी पणाला लावून सोफ्याखाली गेलेल्या चेंडूवर भुंकत होता. चेंडू येत नव्हता.

मला पटला तो दुसराच एक प्रयोग, २००५ सालचा, बुडापेस्टचा. कुत्री आणि मांजरं, दोघांनाही खाऊ दाखवला, पण तो असा बांधून ठेवला होता की काही केल्या मिळू नये. कुत्र्यांनी थोडी खटपट केली आणि मग मान वर करून मालकाकडे बघायला लागली. मांजरांनी मालकाकडे फारसं बघितलंच नाही, ती आपली त्या बांधलेल्या भांड्याशीच झटत राहिली. हे वाचलं आणि मला आमचं दार आठवलं. मनीसाठी दार म्हणजे एक भोक आहे, कधी उघडं, कधी बंद. गोट्यासाठी दार म्हणजे मी. जाळी आहे की नाही हा प्रश्न त्याच्यापुढे कधी आलाच नव्हता. दार उघडतं ते माणूस उठल्यावर, माणूस अजून उठलेला नाही, म्हणजे दार बंद आहे. यात तर्काची चूक दाखवून बघा.

गोट्याचा सगळा अभ्यास आमचाच आहे. नवरा घरातल्या चपला घालतोय की बाहेरच्या, हे त्याला पलीकडच्या खोलीत पडल्या पडल्या कळतं. ‘फिरायला’ हा शब्द नुसता उच्चारला तरी तो घर डोक्यावर घ्यायचा, म्हणून आम्ही त्याऐवजी ‘प्रदक्षिणा’ म्हणायला लागलो. चार दिवसांत त्याला प्रदक्षिणा कळली. मग लेकीनं ‘बहिर्गमन’ काढलं. आठवडा लागला, पण तेही आलं. आता नवरा फोनवर कुणाला म्हणाला, की अमुक अमुक पक्षाच्या सदस्यांचं सभागृहातून बहिर्गमन झालं, की गोट्या पट्टा तोंडात धरून हजर. एका बॉर्डर कॉली कुत्रीला एक हजार बावीस खेळण्यांची नावं ओळखता येत होती, तिच्यावरचा शोधनिबंध २०११ साली निघाला. आमच्याकडे शब्द मोजून सहा. पण त्यांतले दोन संस्कृत आहेत.

मराठी म्हणी रचणाऱ्यांनी या दोन प्राण्यांना किती बारकाईनं बघितलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. आपण ही म्हण कारभारातल्या गोंधळासाठी वापरतो आणि बोट दाखवतो ते दळणाऱ्याकडे. पण जरा कुत्र्याच्या बाजूनं बघा. समोरच्याला दिसत नाहीये, हे त्या कुत्र्याला कळलेलं आहे! २००३ साली जर्मनीत लाइपझिगच्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. खाऊ जमिनीवर ठेवायचा, कुत्र्याला ‘नाही’ म्हणायचं आणि मग कधी त्याच्याकडे बघत बसायचं, कधी पाठ फिरवायची, कधी नुसते डोळे मिटायचे. डोळे उघडे असले की कुत्री खाऊ कमी उचलत होती. मिटले की चंगळ.

मी हा प्रयोग घरी केला. स्टुलावर बिस्किटांची बशी ठेवली आणि सोफ्यावर आडवी झाले. गोट्या आला, हनुवटी स्टुलाच्या कडेवर टेकवली आणि माझ्या डोळ्यांकडे बघत राहिला. बिस्किटांकडे एकदाही नाही. मी डोळे मिटले. थोडा वेळ शांतता, मग बशी स्टुलावर किंचित सरकल्याचा आवाज. डोळे उघडले तर तो छताच्या पंख्याकडे बघत होता. बशीत तीन बिस्किटं कमी होती, चौथं ओलं होतं.

आता मनीची म्हण घ्या. मांजर डोळे मिटून दूध पितं आणि त्याला वाटतं जग बघत नाही. (दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही, आमच्या डॉक्टरांनी बंद करायला लावलंय. पण म्हणीतलं कसं बंद करणार.) इथे मात्र मला मनीची बाजू घ्यावीशी वाटते. मांजरीला लांबचं हललेलं नेमकं दिसतं, पण नाकापुढच्या वीतभर अंतरातलं धूसरच. तिथे ती मिशा पुढे काढून चाचपते आणि वास घेते. समोर टाकलेला खाऊचा तुकडा मनी कित्येकदा शोधत बसते, आणि तो तिच्या हनुवटीखालीच असतो. तेव्हा नवरा तोंड फिरवतो. मुद्दा असा की, वाटीत तोंड घातल्यावर डोळे उघडे ठेवून तिला दिसणार काय? आणि जग बघतंय की नाही याची फिकीर तिला आहे, हे तर म्हणीनंच परस्पर ठरवून टाकलंय. मनीला फिकीर असल्याचा एकही पुरावा आमच्याकडे नाही.

हाक मारली तर ती येत नाही. पण आवाज कुणाचा हे तिला नक्की कळतं. जपानमध्ये २०१३ साली वीस मांजरांना अनोळखी लोकांच्या आणि मालकाच्या हाका ऐकवल्या. मालकाचा आवाज आला की कान हलले, माना वळल्या. उठून मात्र सहसा कुणी आलं नाही. आमच्याकडे मनीचा एकच कान हलतो, डावा. तिच्या हिशेबात ती पोच असावी. याउलट तिला पहाटे पाचला भूक लागली की ती माझ्या उशीशी येऊन जी घुरघुर करते, तिच्यात तान्ह्या बाळाच्या रडण्याची बारीक किनार असते. हे मी लाडानं म्हणत नाही, इंग्लंडमधल्या संशोधकांनी २००९ साली तसं दाखवलेलं आहे: खायला मागतानाच्या घुरघुरीत मांजरं एक उंच पट्टीचा सूर मिसळतात आणि माणसाला तो कानाआड करता येत नाही. शिवाय मोठी झालेली मांजरं एकमेकांशी सहसा म्याव करत नाहीत. म्याव आपल्यासाठी राखून ठेवलेलं आहे. म्हणजे आम्ही गोट्याला सहा शब्द शिकवले, आणि मनीनं एका सुरात मला पहाटे पाचला उठायला शिकवलं.

अपराधी चेहऱ्याचं मात्र वाईट वाटतं. मागे एकदा बाहेरून आलो तर सोफ्यावरच्या उशीचा कापूस घरभर. गोट्या कोपऱ्यात, कान पडलेले, शेपूट पायांत, डोळ्यांचे पांढरे दिसतायत. चेहऱ्यावर सह्यानिशी कबुलीजबाब. मी त्याला ताडताड बोलले. तो अजूनच जमिनीला चिकटला. हात-पाय धुऊन परत आले तेव्हा कपाटावर मनी झोपलेली होती आणि तिच्या मागच्या पंजाच्या नखाला कापसाचा एक लांब धागा लोंबत होता. गोट्या माझ्या आवाजातला ताप वाचत होता, त्याला उशीचं काही देणंघेणं नव्हतं. पुढे वाचनात आलं, की २००९ साली न्यूयॉर्कच्या एका संशोधिकेनं चौदा कुत्र्यांवर हे करून बघितलं होतं. चेहरा अपराधी होतो तो मालक रागावला की, मग कुत्र्यानं काही केलेलं असो वा नसो. मी गोट्याची माफी मागितली. त्याला माफी कळली नाही, बिस्किट कळलं.

मनीला मी काहीच बोलले नाही. कपाटावर हात पोचत नाही.

हल्ली एक नवीन प्रकार सुरू झालाय. जाळीवर नाक आपटल्यापासून मनी त्या दाराच्या वाटेला एकटी जात नाही. ती गोट्याजवळ जाते, त्याच्या नाकाला डोकं घासते आणि दारापाशी जाऊन बसते. गोट्या लगेच उठून तिच्यामागे जातो, कारण कुणीतरी दाराशी बसलं म्हणजे बाहेर जायचं असतं. मग तो माझ्याकडे बघून भुंकतो. मी उठते.

काल असंच झालं. भाजी चिरता चिरता उठले, हात पुसले, कडी काढली. गोट्या उडी मारून बाहेर गेला, गॅलरीत एक चक्कर मारली, बाहेर आता काय करायचं असतं ते न आठवून परत आत आला आणि माझ्या पायाशी बसला. मनी उंबरठ्यापर्यंत आली. अर्धं अंग बाहेर, अर्धं आत. बाहेरचा वास घेतला, आतला घेतला. मग तिथेच बसून पंजा चाटायला लागली.

“मनी, जायचंय की नाही?”

डावा कान हलला.

मी दार धरून उभी होते. गोट्या माझ्याकडे बघत होता.