पुढचा शाफ्ट आणि गिअरबॉक्सचं सील घरी बदलताना

गिअरबॉक्समधून पुढच्या चाकाला फिरवणारा दांडा म्हणजे शाफ्ट, आणि तो गिअरबॉक्समध्ये शिरतो तिथे तेल अडवणारं रबरी कडं म्हणजे सील. पार्किंगमध्ये पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला जमिनीवर डाग दिसला, की आधी बोट लावून वास घ्या. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वास असतो, तो एकदा ओळखीचा झाला की चुकत नाही. रिमच्या आतल्या अंगाला काळं, चिकट ग्रीस उडालेलं असेल तर सील गेलेलं नसतं, शाफ्टच्या चाकाकडच्या (बाहेरच्या) जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला असतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हळू चालवताना ‘कट-कट’ वाजलं तर बाहेरचा जॉइंट संपला. सरळ रस्त्यावर वेग घेताना गाडी थरथरत असेल तर संशय आतल्या, गिअरबॉक्सकडच्या जॉइंटवर. बूट नुकताच फाटलाय आणि आवाज नाही, तर नुसतं बूट किट आणि ग्रीस पुरतं. आवाज सुरू झाल्यावर मात्र ग्रीस भरण्यात अर्थ नाही.

आल्टो, वॅगन-आर, स्विफ्टसारख्या इंजिन आडवं बसवलेल्या, हाताने गिअर टाकायच्या छोट्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितोय.

सील विकत आणण्याआधी गिअरबॉक्सच्या माथ्यावरची ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या वाटेची) टोपी तपासा. पावसाळ्यात चिखल बसून ती बुजते. तेल तापलं की आतली हवा फुगते, तिला वाट मिळत नाही आणि ती तेलाला सीलच्या ओठावरून (शाफ्टला टेकणाऱ्या पातळ कडेवरून) बाहेर ढकलते. टोपी तशीच ठेवली तर नवं सीलही काही दिवसांत पाझरेल.

सामान चेसिस नंबर सांगूनच घ्या. डावा आणि उजवा शाफ्ट लांबीला वेगळा असतो आणि बऱ्याच गाड्यांत सीलही वेगळं असतं. ओठाच्या आत बारीक तिरक्या रेघा असतात. शाफ्ट फिरताना त्या तेल आत ओढतात. उलट्या बाजूचं सील बसवलं तर त्याच रेघा तेल बाहेर काढतात. सीलवरचा बाण किंवा डावे-उजवेपणाची खूण म्हणून बघायची. सोबत नवा हब नट (शाफ्टचं बाहेरचं टोक चाकाच्या हबमध्ये धरणारा मोठा नट), नवं लॉक (शाफ्टच्या आतल्या टोकाची स्प्रिंगसारखी कडी, सर्क्लिप), ड्रेन प्लगचं वॉशर आणि मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचं गिअर ऑइल. छोट्या गाडीला ते साधारण २ लिटरच्या आसपास लागतं. मॅन्युअल जीएल-४ (गिअर ऑइलचा दर्जा) म्हणत असेल तर जीएल-५ ‘भारी’ म्हणून ओतू नका. त्यातली रसायनं गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या पितळी सिंक्रोनायझर रिंगना मानवत नाहीत.

हब नट बहुतेक ३० किंवा ३२ मिमीचा असतो, व्हर्निअर कॅलिपरने मोजून घ्या. नटाची कॉलर शाफ्टच्या खाचेत ठोकलेली असते, ती आधी छिन्नीने उचला. नाहीतर नट फिरताना शाफ्टचे आटे खातो. चाक जमिनीवर आणि कोणीतरी ब्रेक दाबून धरलेला असतानाच नट जेमतेम सैल करा, काढू नका. नट काढलेला असताना गाडीचा भार चाकावर आला किंवा गाडी पुढेमागे ढकलली, तर बेअरिंग बाद होतं.

मग जॅक, आणि त्याखेरीज स्टँड. नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही. अंगण मातीचं असेल तर स्टँडखाली जाड फळी हवीच.

तेल काढताना आधी भरायचा बोल्ट उघडा. तो अडकून बसला आणि खालून तेल सगळं निघून गेलं, तर गाडी तिथेच उभी राहते. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी मऊ लव असणं ठीक आहे, लोखंडाचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडावा लागेल. तेल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

चाक आणि हब नट काढा. मग खालच्या बॉल जॉइंटचा बोल्ट काढून नकल (चाकाचं हब धरणारा लोखंडी भाग) मोकळं करा. तो बोल्ट जॉइंटच्या दांड्यावरच्या खाचेतून जातो, म्हणून बसवताना खाच जुळली नाही तर हातोडीने ठोकू नका, दांडा वर-खाली करून जुळवा. ब्रेकची होज आणि एबीएसची वायर ताणली जाऊ देऊ नका. शाफ्ट हबमधून सुटत नसेल तर टोकावर जुना नट चढवून लाकडाचा तुकडा मध्ये धरून ठोका.

आतलं टोक टॉमीने (लोखंडी कांबीने) काढायचं: जॉइंटचा कप आणि गिअरबॉक्स यांच्या फटीत टॉमी घालून एक छोटा झटका. शाफ्टला धरून ओढलं तर लॉक सुटत नाही, आतला तीन गोट्यांचा जॉइंट मात्र कपातून निखळतो. दोन्ही बाजू करायच्या असतील तर एक बसवून मगच दुसरी काढा, काही गाड्यांत दोन्ही शाफ्ट निघाले की डिफरन्शियलमधले (दोन्ही चाकांना शक्ती वाटणाऱ्या भागातले) गिअर जागेवरून सरकतात.

जुनं सील किती खोल बसलंय ते काढण्याआधी मोजा. काढताना सील बसतं त्या भोकाच्या भिंतीवर ओरखडा पडला तर तेल सीलच्या बाहेरून झिरपतं. शाफ्टवर सील घासतं तिथे नख फिरवा. नख अडकलं तर जुना शाफ्ट ठेवून नवं सील घालण्यात फायदा नाही. नव्या सीलची स्प्रिंगची बाजू तेलाकडे. ओठाला गिअर ऑइल लावा, सीलच्या बाहेरच्या व्यासाएवढा सॉकेट किंवा पाइप ठेवून थोडं थोडं, चारी बाजूंनी सारखं ठोका. तिरकं गेलं तर सरळ करत बसू नका, नवं घ्या.

सगळ्यात जपायची वेळ आता. शाफ्टचे धारदार दाते त्या पातळ ओठावरून जायचे आहेत. शाफ्टचं वजन दोन्ही हातांवर पेला आणि दाते ओठाला न टेकवता मधोमध सरकवा. घरी बदललेली बरीच सीलं याच क्षणी कापली जातात. लॉक ग्रीसने मध्यावर चिकटवा, दाते जुळले की एक जोरकस धक्का, आणि ‘टक्’ ऐकू आलं पाहिजे. मग कप धरून बाहेर ओढून बघा, येता कामा नये.

नवा हब नट चाक हवेत असतानाच, ब्रेक दाबून, जमेल तितका घट्ट करा. चाक जमिनीला लागल्यावर टॉर्क पान्याने मॅन्युअलच्या आकड्यावर न्या, मग बोथट पंचने कॉलर खाचेत दाबा.

तेल भरताना गाडी सपाट हवी, पुढून उचललेल्या गाडीत पातळी चुकते. भरायच्या भोकातून तेल बारीक ओघळू लागलं की थांबा. शॉक अॅब्सॉर्बरचे नकलला धरणारे बोल्ट सोडले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. २० किमी फिरवून आणा, रात्रभर खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, गळती असेल तर डाग दिसेल. चाकाचे नट ५० किमीनंतर पुन्हा तपासा.