आधीच्या भाडेकरूची वीज-गॅसची थकबाकी आणि ब्रिटनमधलं भाड्याचं घर

ब्रिटनमध्ये भाड्याचं घर घेतलं की थोड्याच दिवसांत दाराच्या फटीतून एखादं पाकीट आत पडतं. वर आधीच्या भाडेकरूचं नाव असतं, नाहीतर नुसतंच ‘द ऑक्युपायर’, म्हणजे ‘इथे राहणारा’. आत वीज किंवा गॅसची थकबाकी आणि ‘वसुलीसाठी माणूस येईल’ अशी ताकीद. महाराष्ट्रातून आलेला माणूस ते वाचून घाबरतो, आणि त्याचं घाबरणं अगदीच बिनबुडाचं नसतं. आपल्याकडे थकबाकी जागेला चिकटते. आधीच्या ग्राहकाची बाकी नव्या ताबेदाराने भरावी, अशी अट वीज कंपनीला लागू असलेल्या नियमांत घालता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली के. सी. निनान खटल्यात मान्य केलं. म्हणूनच आपण घर घेताना शेवटचं भरलेलं बिल आधी मागतो.

ब्रिटनमध्ये मात्र बाकी माणसाची असते, घराची नाही. ज्याने वीज वापरली त्यानेच ती फेडायची. तुमचा भाडेकरार सुरू होण्याआधीचा एक पेनीसुद्धा पुरवठादार तुमच्याकडून मागू शकत नाही. दोन भाडेकरूंच्या मधल्या रिकाम्या काळाचं बिल घरमालकाचं.

पण याची दुसरी बाजूही आहे. ताबा मिळाल्या दिवसापासूनचं बिल तुमचं, कुठे सही केलेली नसली तरी. १९८९चा वीज कायदा आणि १९८६चा गॅस कायदा यांनुसार तुमचा त्या पुरवठादाराशी आपोआप करार झाला असं धरतात. त्याला तिथे ‘डीम्ड कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात. भाडेकरार १ जुलैपासून असेल आणि तुम्ही सप्टेंबरात पोचणार असाल, तरी मधला रोजचा स्थिर आकार सहसा तुमच्याच नावावर चढतो. या गृहीत कराराचा दर बहुधा फायद्याचा नसतो, पण त्यातून केव्हाही दंड न भरता बाहेर पडता येतं.

खरा घोळ होतो तो तारखेचा आणि मीटरच्या आकड्यांचा. तुम्ही कळवलं नाही, तर तुम्ही कधी आलात हे पुरवठादाराला कळायला मार्ग नसतो. तो अंदाजाने तारीख धरतो, अंदाजाने आकडा धरतो, आणि आधीच्या माणसाची युनिटं गुपचूप तुमच्या पहिल्या बिलात येऊन बसतात. म्हणून किल्ली मिळेल त्याच दिवशी, सामान उघडण्याआधी, वीज आणि गॅस दोन्ही मीटरचे फोटो काढा. फोटोत आकडा आणि मीटरचा अनुक्रमांक दोन्ही दिसले पाहिजेत. लाल आकडे आणि दशांश चिन्हापुढचे आकडे सोडून द्यायचे. रात्रीचा दर वेगळा असलेल्या मीटरवर दोन आकडे असतात, ते दोन्ही टिपा.

गॅस मीटर घनमीटरमध्ये मोजतो की घनफुटात, हेही बघून ठेवा. जुने मीटर शंभर घनफुटांचं एक युनिट धरतात, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. नोंदीत मीटरचा प्रकार चुकला तर घनमीटरवाल्या घराचं बिल जवळजवळ तिप्पट येतं, आणि माणूस महिनोन्‌महिने ‘इथे थंडीच फार’ म्हणून भरत राहतो. जुन्या मोठ्या घराचे फ्लॅट पाडलेले असतील तर आणखी एक तपासणी करा: मेन स्विच बंद करून आपल्या म्हणवल्या जाणाऱ्या मीटरकडे बघा. आकडे पळतच असतील तर तो मीटर बहुधा शेजाऱ्याचा आहे. अशी मीटरची अदलाबदल वाटते तितकी दुर्मीळ नाही.

पुरवठादार कोण हे घरमालकाला किंवा एजंटला विचारा. त्यांना माहीत नसेल तर गॅससाठी ‘फाइंड माय सप्लायर’ ही साइट आहे. विजेसाठी त्या भागातल्या तारा सांभाळणाऱ्या नेटवर्क कंपनीकडे चौकशी करायची. विजेच्या जोडणीचा १३ आकडी क्रमांक आणि गॅसचा ६ ते १० आकडी क्रमांक हाताशी ठेवा. मग ताब्याची तारीख, आकडे आणि तुमचं नाव कळवा. फोनवर बोललात तरी तेच ईमेलनेही पाठवा, कारण सहा महिन्यांनी वाद झाला तर कामाला येतो तो ईमेलच.

प्रीपेड मीटर असेल तर जास्त सावध राहावं लागतं, कारण तिथे आधीच्या माणसाची बाकी मीटरमध्येच साठवलेली असू शकते. ड्रॉवरमध्ये सापडलेली, मीटर रिचार्ज करायची जुनी किल्ली किंवा कार्ड घेऊन दुकानात २० पौंड भरले, तर त्यातला काही भाग दर आठवड्याला दुसऱ्याच्या थकबाकीत वळता होतो. गॅसच्या बाबतीत शेगडी पेटवली नाही तरी कपात चालूच राहते. म्हणून जुन्या किल्लीवर पैसे भरूच नका. आधी पुरवठादाराला फोन करा, नव्या नावाने खातं उघडा, नवी किल्ली किंवा कार्ड मागा आणि ‘मीटरवरची बाकी शून्य करा’ असं स्पष्ट शब्दांत सांगा. स्मार्ट मीटर असेल तर ते दुरूनच होतं. घरात अंधार असल्यामुळे पैसे भरावेच लागले असतील, तर पावती जपा आणि कापलेली रक्कम परत मागा.

आता ती पाकिटं. आधीच्या भाडेकरूच्या नावाचं असेल तर वर ‘नॉट नोन ॲट धिस ॲड्रेस, रिटर्न टु सेंडर’ लिहून तसंच टपालपेटीत टाका. तिकीट लागत नाही. ‘द ऑक्युपायर’ लिहिलेलं मात्र उघडाच. ते तुमच्यासाठी असतं, आणि त्यात कधीकधी न्यायालयाकडून घरात शिरण्याचा वॉरंट मागणार असल्याची सूचना असते. ती दुर्लक्षित राहिली तर तुम्ही कामावर असताना कुलूप उघडून प्रीपेड मीटर बसवून जाऊ शकतात, तेही दुसऱ्याच्या बाकीपायी. अशी सूचना आली की त्याच दिवशी पुरवठादाराला भाडेकराराचं तारखेचं पान, मीटरचे फोटो आणि जमलं तर कौन्सिल टॅक्सचं (आपल्या घरपट्टीसारख्या स्थानिक कराचं) बिल पाठवा.

पुरवठादार ऐकत नसेल तर ‘फोन’ नव्हे, ‘तक्रार’ नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा त्यांनी ‘आमचं हे शेवटचं उत्तर’ असं पत्र दिलं, की ग्राहक आणि पुरवठादार यांच्यातले वाद सोडवणाऱ्या एनर्जी ओम्बड्समनकडे विनाशुल्क जाता येतं. बाकी तुमचीच असेल, पण बिल पाठवायला त्यांनीच उशीर केला असेल, तर १२ महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे ते सहसा मागू शकत नाहीत. घरगुती ग्राहकांसाठी हा नियम मे २०१८पासून आहे.

चौघांनी मिळून घर घेतलं आणि खातं चौघांच्या नावावर असेल, तर संपूर्ण बाकी चौघांपैकी कुणाही एकाकडून मागता येते. ‘माझा चौथा हिस्सा मी दिलाय’ हे पुरवठादारापुढे चालत नाही. खोल्या वेगवेगळ्या करारांनी दिलेल्या असतील आणि भाड्यात बिलं धरलेली असतील, तर खातं सहसा घरमालकाचं असतं.

घर सोडताना हीच कामं पुन्हा करायची: निदान दोन दिवस आधी कळवा, शेवटच्या दिवशी आकड्यांचे फोटो काढा आणि नवा पत्ता द्या, मग तो पुण्याचा का असेना. शेवटचं बिल सहा आठवड्यांत यायला हवं. ते येऊन हिशेब मिटेपर्यंत तिथलं बँक खातं बंद करू नका, कारण उरलेले पैसे परत यायचे असले तर बहुधा त्याच खात्यात येतात.