आईंचे गुडघे, बाबागाडी आणि वेल्सचा डोंगर

गेल्या रविवारी साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो. गाडी वर पार्किंगला लावली, आई म्हणजे माझ्या सासूबाई नेहमीसारख्या गाडीतच बसल्या, काच खाली करून, मांडीवर पाण्याची बाटली. "जावा तुमी, मी हाय हितंच." आम्ही दोन्ही दरवाजे चढून मंगळाईचं दर्शन घेतलं, पोरांचं तळ्यात दगड मारून झालं, तासाभरानं खाली आलो तर आई गप्प. मग यवतेश्वरच्या डोंगराकडं बघत म्हणाल्या, "ताईच्या गावात मी रोज डोंगरावर जात हुते की गं. हितंच का गाडीत बसायचं?"

काय बोलणार. म्हणून हे लिहायला घेतलं, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत राहिलेलं.

ताई म्हणजे माझी मोठी नणंद, ती आणि दाजी वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर लॅन्डिड्नो नावाच्या गावात राहतात, दाजी तिथल्या हॉस्पिटलात नोकरीला. गावाचं नाव इंग्रजीत लिहिताना सुरवातीला दोन एल, आणि तो उच्चार म्हणजे जीभ ल म्हणायला लावायची आणि आवाज न काढता नुसती हवा सोडायची. माझी आठ वर्षांची लेक दोन दिवसात शिकली, आम्हाला काही ते जमलं नाही. 'लॅन' म्हणजे देवळाची जागा आणि टिड्नो हा सहाव्या शतकातला साधू, त्याचं छोटंसं दगडी चर्च गावात नाही तर डोंगराच्या अंगावर आहे, आणि उन्हाळ्यात रविवारी तिथं उघड्यावर प्रार्थना असते. हे ऐकल्यावर आईंना ते गाव एकदम ओळखीचं वाटायला लागलं. "डोंगरावर देव असतोयच," म्हणाल्या.

आम्ही गेलो मे संपता संपता, पोरांच्या सुट्टीत. टीम अशी: मी, आमचे हे, लेक, दोन वर्षांचा धाकटा जो स्वतः चालतो फक्त उलट्या दिशेला, आणि आई, वय अडुसष्ट, दोन्ही गुडघे झिजलेले. ताईनं शेजाऱ्यांकडून बाबागाडी मागून ठेवली होती. पहिल्याच संध्याकाळी ह्यांनी मोबाईलवर नकाशा काढून कुठला डोंगर, किती उंच वगैरे सुरू केलं तर ताई म्हणाली, "ते राहू दे, आधी आईचे गुडघे किती चालतात ते सांग, मग मी वाट सांगते."

तेच सगळ्यात कामाचं निघालं.

गावाची रचना डोळ्यासमोर आणायची तर मधे चंद्रकोरीसारखी खाडी, कडेनं रुंद सपाट प्रोमनाड म्हणजे समुद्राकाठचा फिरायचा रस्ता, आणि दोन टोकांना दोन डोंगर, ग्रेट ऑर्म आणि लिटल ऑर्म. ग्रेट ऑर्म २०७ मीटर. आता सातारकराला २०७ मीटर म्हणजे काय, आपला अजिंक्यताराच शहराच्या डोक्यावर तीनेकशे मीटर उभा आहे. पण हा समुद्रातनं सरळ वर आलाय, तिन्ही बाजूला पाणी, त्यामुळं दिसतो आहे त्यापेक्षा मोठा. दगड आपल्यासारखा काळा नाही, पांढुरका चुनखडीचा. ऑर्म हा जुन्या खलाशांचा शब्द, अर्थ समुद्रातला साप. लांबून बघितलं की डोकं वर काढलेला दिसतोच.

पहिला दिवस प्रोमनाड आणि पिअर. पिअर म्हणजे समुद्रात घुसलेला लांब लाकडी फलाटच, १८७७ सालचा, ७०० मीटर, वेल्समधला सगळ्यात लांब. खालच्या फळ्यांच्या फटीतनं पाणी दिसतं, धाकटा पालथा पडून एका फटीतनं बघत बसला आणि उठेचना. इथंच आमचा पहिला अपघात झाला. आईंनी साताऱ्यावरनं धपाटी नेली होती, बाकावर बसून पहिला घास तोंडाजवळ नेला आणि मागनं सीगल आला आणि हातातलं अख्खं धपाटं घेऊन गेला. कोंबडीएवढा पक्षी, पंख आईंच्या गालाला लागले. आई अर्धा मिनिट हाताकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिखट हाय रं बाबा, सोसल का तुला." तेव्हापासनं खाणं पदराखाली.

दुसऱ्या दिवशी ताईनं जी वाट दाखवली ती मला अजून आठवते. डोंगराच्या पायथ्याला हाइलव्रे गार्डन्स म्हणून बाग आहे (लिहिताना एफ, म्हणताना व, रस्त्यावर मोठ्या अक्षरात 'अराफ' लिहिलेलं असतं ते पण 'अरव' म्हणायचं, अर्थ सावकाश; लेकीला आधी वाटलं कुणीतरी आपल्याकडचं 'आरव' नाव लिहून ठेवलंय). त्या बागेतनं एक वाट निघते आणि डोंगराच्या कमरेला धरून वेस्ट शोअरच्या बाजूला जाते. नाव काय तर इनव्हॅलिड्स वॉक. आजाऱ्यांची वाट! म्हणजे जुन्या काळी समुद्राची हवा खायला आलेल्या आजारी माणसांना झेपावी म्हणून. चढ आहे पण जाणवत नाही असा, अधेमधे बाक. आईंना नावाचा अर्थ सांगितला तर आधी फुगल्या, "मी काय आजारी हाय व्हय." मग चालायला लागल्या. पहिल्या बाकावर बसल्या, दुसऱ्यावर बसल्या, तिसऱ्यावर बसायच्या आधीच समोर खाडी उघडली आणि पलीकडं कॉनवीचे डोंगर निळे, एकामागे एक. तिथं आई उभ्याच राहिल्या. बाकाला हात लावून, पण उभ्या.

बाकावर बसलेल्या एका म्हातारीनं सरकून जागा दिली. तिला मराठी येत नाही, आईंना इंग्रजी येत नाही, दोघी गुडघ्याला हात लावून हसल्या आणि झाल्या मैत्रिणी. आईंनी तिला कंदी पेढा दिला. तिनं तो चार वेळा वास घेऊन खाल्ला.

माथ्यावर जायला तीन प्रकार आहेत आणि तिन्ही वेगवेगळ्या माणसांसाठी. पायी, ट्राम आणि केबल कार. केबल कार १९६९ पासनं आहे, हॅपी व्हॅलीतनं निघते, पण वारा असला की बंद, आणि वारा तिथं असतोच, आम्ही दोनदा जाऊन परत आलो. ट्राम मात्र बघायची गोष्ट आहे. १९०२ मध्ये सुरू झालेली, चक्क रस्त्यावरनं वर ओढत नेतात, दोरखंडानं. दोन डबे एकाच दोराच्या दोन बाजूंना, एक वर चढला की दुसरा खाली उतरतो, म्हणजे खालच्याचं वजन वर ओढायला वरचा उतरताना मदत करतो. आईंनी लगेच ओळखलं, "आपल्या हिरीवरचा रहाटच की, एक पोहरा वर एक खाली." मधे हाफवे स्टेशनला उतरून दुसऱ्या ट्राममधे बसायचं, ओढणारी यंत्रं तिथंच आहेत. बाबागाडी घडी करावी लागली, तेवढंच. ही ट्राम साधारण मार्च अखेर ते ऑक्टोबर चालते, हिवाळ्यात गेलात तर पायीच.

आम्ही असं केलं: आई, ताई आणि धाकटा ट्रामनं, मी, हे आणि लेक पायी, आणि गाठ हाफवेला. तिथनं जवळच तांब्याची खाण आहे, ब्रॉन्झ एजमधली, साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वी लोकांनी दगडाच्या आणि हाडांच्या हत्यारांनी खणलेली. सापडली कधी तर १९८७ च्या सुमाराला, गाड्यांच्या पार्किंगसाठी जागा बघताना! आठ किलोमीटरच्या वर बोगदे मोजून झालेत म्हणे. काही इतके अरुंद की मोठा माणूस जाणंच शक्य नाही, तिथं पोरंच खणत असणार. लेकीनं एका फटीत डोकं घालून बघितलं आणि मग बराच वेळ काही बोलली नाही, रात्री जेवताना म्हणाली, "त्यांना शाळा नव्हती ना गं?" आई आत आल्या नाहीत, पायऱ्या आहेत. बाहेर बसून तांब्याच्या दगडाला हात लावून बसल्या.

बकऱ्यांचं तर सांगायचंच राहिलं. ह्या डोंगरावर काश्मिरी बकऱ्या आहेत! पांढऱ्याशुभ्र, लांब केसाच्या, शिंगं मागं वळलेली. इराणच्या शहानं व्हिक्टोरिया राणीला भेट दिल्या, राणीच्या विंडसरच्या कळपातली एक जोडी इथल्या जमीनदाराच्या घराण्यातल्या एकानं आणली, त्यांचंच हे खिल्लार, शंभराच्या वर. आता मालक कुणी नाही, रानटी झाल्यात. २०२० च्या लॉकडाऊनमधे ह्याच बकऱ्या खाली गावात येऊन लोकांच्या कुंपणाच्या मेंद्या खात फिरत होत्या, ते व्हिडिओ आपल्याकडं पण फिरले होते. मला तेव्हा वाटलं होतं खोटे असतील.

आणि मेंढ्या वेगळ्या. माथ्यावरचं शेत नॅशनल ट्रस्ट ह्या निसर्ग आणि जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेनं घेतलं आणि २०१६ मधे एका मेंढपाळाला वर्षाला एक पौंड भाड्यानं दिलं. एक पौंड! कारण काय तर तिथं दुर्मिळ झाडं आहेत, रानटी कोटोनिएस्टरची एक जात तर ह्या डोंगरावरच उगवते, जगात दुसरीकडं कुठं रानात नाही, आणि मेंढ्यांनी नीट चरलं नाही तर काटेरी झुडपं माजून हे सगळं दडपतं. म्हणून अशा पद्धतीनं चारायचं ह्याची अट, भाडं नावाला. हे ऐकून मला आपलं कासचं फुलांचं पठार आठवलं. कासचं कुंपण आणि गुरं चरावीत का न चरावीत ह्यावर किती वाद झाले ते सातारकराला मी सांगायला नको. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण आमच्या माहेरचे गुराखी हेच म्हणायचे, गुरं फिरली तरच फुलं, आणि तेव्हा आम्ही त्यांना हसायचो.

आता आमची चूक. डोंगराला खालनं गोल फिरणारा रस्ता आहे, मरीन ड्राइव्ह, साताठ किलोमीटर. गाड्यांना टोल, चालणाऱ्याला फुकट. रस्ता डांबरी, बाबागाडीला मस्त, असा विचार करून ताई कामावर गेलेली असताना आम्ही तिला न विचारता निघालो, आईंसकट. पिअरच्या बाजूनं सुरवात छान, एका हाताला कडा एका हाताला समुद्र, ऊन, वारा नाही. पण रस्ता सपाट नाही हो, हळूहळू चढतो, दीपगृहाच्या टोकापर्यंत चढतच राहतो, आणि टोकाला वळलं की पश्चिमेचा वारा जो तोंडावर येतो, बाबागाडी मागं ढकलायला लागला. धाकटा रडून निळा, आईंचा पदर डोक्यावर फडफडतोय, आणि अर्ध्यात आल्यावर मागं जायचं अंतर आणि पुढं जायचं अंतर सारखंच. दाजींना फोन केला. पण तो रस्ता वन वे! त्यांना गावाच्या त्या टोकाला जाऊन, पिअरपाशी टोल भरून, सगळा वळसा घालून यावं लागलं. पोचल्यावर काही बोलले नाहीत, नुसता हीटर लावला. संध्याकाळी ताई मात्र बोलली. भरपूर बोलली.

लिटल ऑर्मला आई आल्या नाहीत, १४१ मीटरच आहे पण चढ अंगावरचा. खाली एका छोट्या खाडीत सील असतात, आम्हाला दोनच दिसले, भिजलेल्या पोत्यासारखे पडलेले, एकानं मान उचलली तेव्हा लेक किंचाळली. पिल्लं बघायची तर सप्टेंबर ते नोव्हेंबर, आणि वरनंच बघायचं, खाली उतरून जवळ जायचं नाही, सीलची मादी घाबरून पिल्लाला सोडून जाते. कॉनवीचा किल्ला, १२८३ ते १२८७ अशा चार वर्षांत बांधलेला, तो बघितला, गावाच्या तटबंदीवरनं चाललो, मोठ्यांना आवडलं, पोरांना तिथलं आईस्क्रीम. बास.

तर आईंच्या प्रश्नाकडं परत येते. तिथं आई रोज चालल्या कारण दर दोनशे पावलावर बूड टेकायला जागा होती. बाकी काही जादू नाही. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असायचा म्हणून घाई पण नव्हती. आपल्या अजिंक्यताऱ्याच्या रस्त्यावर सकाळी निम्मं सातारा चालत असतं, सावली आहे, चढ बेताचा, पण दमल्यावर आईंनी बसायचं कुठं, कठड्यावर? म्हणून आम्ही त्यांना थेट वर नेऊन गाडीत बसवत होतो, जिथनं पुढं त्यांना न झेपणाऱ्या पायऱ्याच आहेत. वाट सोडून टोकच दाखवत होतो.

सोमवारी राजवाड्याजवळच्या बाजारातनं घडीचं स्टूल आणलं. काल सकाळी सहाला पायथ्यालाच गाडी लावली. हे स्टूल घेऊन पुढं, आई मागं, पहिल्या वळणावर स्टूल उघडलं, बसल्या, पाणी प्यायल्या, उठल्या, दुसऱ्या वळणावर परत. तिसऱ्या वळणावर चांगल्या दहा मिनिटं बसल्या, शेजारी पिशवी ठेवून, खाली सगळं गाव धुक्यात. तेवढ्यात ट्रॅकसूट घातलेले एक काका पळत पळत आले, थांबले, पिशवीकडं बघून म्हणाले, "काय विकायला आणलंय मावशी?"

आई म्हणाल्या, "वारा. देऊ का पावशेर?"