आज काय इला?

मालवण, शनिवार, रात्र

काल एसटीतून उतरले तेव्हा पोटात कावळे ओरडत होते, म्हणून समोर दिसलं त्या हॉटेलात शिरले आणि सवयीने सुरमई थाळी मागवली. मुंबईत अठरा वर्षं हेच करत आलेय. तुकडी जाड, रवा कुरकुरीत, पण आतलं मांस भुसभुशीत आणि बेचव. बरेच दिवस बर्फात काढलेला मासा होता तो. समुद्र पाच मिनिटांवर, आणि ताटात हे! घरी येऊन आतेला सांगितलं तर ती माझ्यावरच रागावली. "सुरमईच कित्याक व्हयी होती तुका? आज खंय इली सुरमई?"

मासा येतो किंवा येत नाही, हे मी विसरूनच गेले होते. मुंबईत मेनूकार्ड बाराही महिने तेच असतं, जून-जुलैच्या मासेमारीबंदीतसुद्धा. इथे बंदीत गोलमो (सुकवलेली बारीक कोळंबी) आणि खारे बांगडे निघतात, आणि बंदी उठली की बायका एकमेकींना पहिला प्रश्न विचारतात तो हाच: आज काय इला?

आज सकाळी आतेबरोबर मासळीबाजारात गेले. मी पिशवी धरायला, ती बोलायला. पहिली फेरी तिने नुसती बघण्यात घालवली, एक पैसा काढला नाही. पेडवे आणि सुंगटांचे (कोळंबीचे) वाटे, कडेला तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची टोपली, एका मावशीकडे मोरी माशाची (शार्कची) दोन पिल्लं. सुरमई एकच, आणि तिचा भाव ऐकून आते नुसती हसली. मग बांगड्यांपाशी बसली. एकाला डोक्याकडून धरून आडवा केला. शेपूट खाली लोंबली नाही, ताठ राहिली. कल्ला अंगठ्याने उचलला, आत लालभडक. डोळा स्वच्छ, फुगीर. पाठीवरचे हिरवेनिळे पट्टे अजून ओले चमकत होते. "रापणीचे आसत," मावशी म्हणाली, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढलेल्या जाळ्यातले. आतेने मान हलवली आणि सहा घेतले. भाव केला, पण थोडाच. नंतर म्हणाली, रापणीच्या माशाला फार घासाघीस करू नये, त्यात ओढणाऱ्या कितीतरी जणांचा वाटा असतो.

हे मला लिहून ठेवायचंय. बांगडा आणि तारली थव्याने फिरतात. थवा किनाऱ्याजवळ आला तर रापण लागते, नाहीतर माणसं दिवसभर दोर ओढून रिकामी घरी जातात. पर्ससीन जाळं खोल पाण्यातच अख्ख्या थव्याला वेढा घालून तळाशी आवळतं. त्यावरून इथे किती वर्षं भांडणं चाललीत! २०१६ साली सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले, तरी बाजारात तो विषय निघाला की आवाज चढतात. आज त्या बायकांमध्ये उभी राहून ऐकलं तेव्हा समजलं की मासा येणं-न येणं नुसतं दर्याच्या मर्जीवर नसतं.

दुपारी मुद्दाम बाहेर जेवलो, कालचं तोंड धुवायला, असं आतेच म्हणाली. गल्लीतली घरगुती खानावळ, पाच-सहा टेबलं. वैनींनी आधीच सांगून टाकलं, "सुरमई नाय हां आज. मुडदुशे आसत." शेजारचं टेबल हे ऐकून उठून गेलं. किल्ला बघून होडीतून उतरलेली, भुकेली मंडळी होती, लहान मुलंही होती बरोबर. मला त्यांना हाक मारून थांबवावंसं वाटलं. मुडदुसा एवढासा, बोटभर रुंदीचा, पण मधला काटा अलगद सुटतो आणि मांस पांढरंशुभ्र, मऊ. आते म्हणाली, आमच्याकडे बाळंतिणीला देतात. त्या मुलांनी आवडीने खाल्ला असता. सोबत उकड्या तांदळाचा भात, तिसऱ्यांचं सुकं आणि लसणीचा वास असलेली फिकट गुलाबी सोलकढी. मी सोलकढी तीनदा मागितली. वैनींनी प्रत्येक वेळी न विचारता वाटी काठोकाठ भरली.

येताना बाजारातून आल्याचं, गुळात घोळलेलं खाजं घेतलं. डोंबिवलीला न्यायचंय, उरलं तर.

संध्याकाळी आतेने बांगड्याचं तिखलं केलं. सुकी तिरफळं डब्यातून काढली, आतली काळी बी टाकून दिली, वरची टरफलं जरा ठेचून पाण्यात घातली. एक टरफल मी जिभेवर ठेवलं. आधी लिंबाच्या सालीसारखा वास, मग जीभ झिणझिणून बधिर झाली. मुंबईत मागवलेल्या कुठल्याच "मालवणी" थाळीत हे झिणझिणणं मला कधी सापडलं नव्हतं. आई असताना ते घरच्या तिखल्यात असायचं. ती गेल्यावर तिरफळांचा डबा कुठे गेला, मी शोधलाही नाही.

आते तीनच बांगडे वाढून थांबली. बाकीचे उद्यासाठी, तिखलं मुरलं की सकाळी आंबोळीबरोबर. मातीच्या भांड्यावर झाकण घातलंय, आणि मांजराच्या भीतीने झाकणावर वरवंटा ठेवलाय. तिरफळांची एक पुरचुंडी तिने माझ्या पर्समध्ये आधीच टाकलीय.