आमची नवी जात दुपारपर्यंत टिकली

ऐरोलीच्या दिवा गावातून भरतीला होडी काढली तेव्हा डोक्यात हाँगकाँग होतं. २०२३ मध्ये तिथल्या माई पो पाणथळीतल्या कोळंबीच्या तळ्यातून ‘ट्रायपेडालिया माइपोएन्सिस’ ही नवी पेटी-जेलीफिश जाहीर झाली. अंग दीड सेंटिमीटर, डोळे २४! तिथे खारफुटी, इथेही खारफुटी. मग ठाणे खाडीनेच काय घोडं मारलंय?

होडीवाले काका हसले. "ना चव, ना भाव. कशाला नेताव ही?"

प्लँक्टन नेटमध्ये (पाण्यातले तरंगते बारीक जीव गाळणारी जाळी) वाटाण्याएवढे आणि त्याहून बारीक पारदर्शक थेंब आले. सूक्ष्मदर्शकाखाली पेटीचा विषय लगेच मिटला, कारण चार कोपरे नाहीत, डोळे नाहीत, टेंटॅकल, म्हणजे लोंबत्या सोंडा, कडेभर. काठाला आतून पातळ झालर, म्हणजे हायड्रोझोआ गटातली जेली. जननग्रंथी तोंडाच्या दांड्यावर नाहीत, मधून कडेकडे जाणाऱ्या चार नलिकांवर आहेत, म्हणजे त्यातल्या लेप्टोमेड्युसा या उपगटातली. इथवर सरळ होतं. मग टेंटॅकल मोजले. मोठ्यांना सत्तरच्या आसपास, बारक्यांना जेमतेम वीस. एकाच बरणीत दोन जाती! मी वहीत ‘ऐरोलिएन्सिस’ लिहूनसुद्धा टाकलं. (ते पान अजून आहे, फाडवत नाही.)

माझ्या मार्गदर्शक मॅडम काही बोलल्या नाहीत. "सगळ्या मोज, आणि रुंदीप्रमाणे ओळीने लाव," एवढंच.

४१ जेली, मान मोडून तीन तास. २२, २८, ३५, ४४, ५३... मध्ये कुठे फटच नाही. बारक्यांमध्ये जननग्रंथी तर नव्हत्याच. "पोरांना वेगळी जात म्हणतेस होय?" मॅडम म्हणाल्या. मग त्यांनीच समजूत घातली की यात मी पहिली नाही. हायड्रोझोआत तळाला चिकटलेला पॉलिप आणि पोहणारी जेली एकाच प्राण्याची रूपं असली, तरी एकातून दुसरी निघताना कुणी पाहिलं नव्हतं तोवर दोघांना वेगवेगळी नावं पडलेली आहेत.

उरलं बाटल्या भरणं. फॉर्मेलिनमध्ये आकार टिकतो पण डीएनए खराब होतो. अल्कोहोलमध्ये डीएनए टिकतो आणि जेली आक्रसून ओळखू येत नाही. म्हणून निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे.

संध्याकाळी काकांचा फोन. "गावली का नवी?"

"नाही हो काका, जुन्याचीच पोरं निघाली."

"मंग सोडायची ना खाडीत!"

मी फॉर्मेलिनच्या बाटलीचं झाकण लावत होते.