एका पावतीवरची तीन वर्षं

फेब्रुवारी २०२२. आमच्या नगरपरिषदेची मुदत डिसेंबरात संपलेली, त्यामुळे मुख्याधिकारी साहेबच प्रशासक. महिनाअखेरपर्यंत अंदाजपत्रक मंजूर व्हायला हवं होतं. मी तिथली लेखापाल.

करविभागाने घरपट्टीचा आकडा आणला आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. टाळेबंदीत आटलेली वसुली धो धो आली होती. बांधकामच्या अभियंत्यांनी तोच आकडा थोडा वाढवून पुढच्या वर्षीच्या जमेत धरला आणि त्यावर नव्या रस्त्यांची यादी लावली. त्यांचंही मला पटत होतं. मे २०२० मध्ये राज्य सरकारने खर्चाला तरतुदीच्या ३३ टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हापासून कामं रखडलेली आणि लोकांची बोलणी तेच खात होते.

पण आदल्या संध्याकाळी मी पावत्यांच्या स्थळप्रती चाळल्या होत्या. त्यातली एक सोबत नेली. बाजारपेठेतलं कापडदुकान. भरणा एकाच दिवशी, खाली ओळी तीन: २०१९-२०, २०२०-२१, २०२१-२२. दुकान उघडलं, गिऱ्हाईक फिरकलं, तसं त्या माणसाने मागचं सगळं फेडलं. अशा पावत्यांचा गठ्ठाच होता.

"साहेब, हा माणूस पुढच्या वर्षी एकच ओळ भरणार."

"पण मॅडम, वसुली वाढलीय हे तर खरं ना?" अभियंता म्हणाले.

"थकबाकीची वाढलीय. चालू मागणी, म्हणजे त्या-त्या वर्षाची घरपट्टी, आहे तेवढीच. दर चार वर्षांनी होणारी फेरआकारणी, ती चतुर्थ वार्षिक आकारणी, अजून व्हायचीय."

"मग १५व्या वित्त आयोगाच्या केंद्रीय अनुदानातून घेऊ."

"त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेत."

मग मी देण्यांचा कागद पुढे केला. पंपांचं थकलेलं वीजबिल, पूर्ण झालेल्या कामांची बिलं, निवृत्त सफाई कामगारांचं उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. त्यातले एक काका दर सोमवारी कापडी पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसायचे. टाळेबंदीत आपण दारं लावून घेतली होती, तेव्हा याच माणसांनी गल्लीबोळ झाडले. एकदाच हाती आलेली रक्कम आधी अशा देण्यांना जायला हवी, असं मी साहेबांना स्पष्ट सांगितलं. बोलताना माझा आवाज चढला होता.

साहेब बराच वेळ ती पावती बघत होते. मग त्यांनी हिरव्या शाईने जमेचा आकडा खोडला आणि शेजारी चालू मागणीवरचा अंदाज लिहिला. रस्त्यांच्या यादीत तीनच कामं उरली, त्यात दवाखान्याकडे जाणारा रस्ता होता. अभियंता नाराज होऊन उठले.

सोमवारी काका आले. पिशवीतून तोच अर्ज काढायला लागले.

"राहू द्या काका," मी म्हटलं, "एप्रिलमध्ये पासबुक घेऊन या."