तुम्ही विचारलंत म्हणून : लेकीच्या लग्नात फुलांचीच काटकसर का केली?

दीड वर्ष झालं लेकीच्या लग्नाला, तरी प्रश्न काही संपत नाही. परवा मंगळागौरीला नात्यातल्या एका बाईंनी भर पंगतीत विचारलं, "काकू, हॉल एवढा मोठा, जेवण एवढं सुंदर, मग फुलांतच हो का हात आखडता घेतलात, नुसती शेवंती आणि झेंडू?" मी हसून पुरण वाढून घेतलं. पण आता एकदाचं लिहूनच टाकते, म्हणजे पुढच्या वेळी लिंक पाठवता येईल.

पहिली गोष्ट, नुसती शेवंती आणि झेंडू नव्हता. गुलछडी होती, अ‍ॅस्टर होता, दारावर आंब्याचे टाळे होते. आणि लग्न होतं फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या आठवड्यात पुण्यात गुलाब घ्यायला कोणी जाऊन बघावं! मावळातल्या, तळेगावकडच्या पॉलीहाऊसवाल्यांचं सगळं वर्षच चौदा फेब्रुवारीवर टांगलेलं असतं, लांब दांड्याचा चांगला माल परदेशात जातो नाहीतर दिल्ली-मुंबईला, आणि आपल्याला मार्केट यार्डात जी वीसची गड्डी मिळते तिचा भाव ऐकून माणूस दोन पावलं मागे सरकतो. याउलट शेवंती थंडीची. आदल्या पहाटे पाचला मी आणि दीर गुलटेकडीच्या त्याच यार्डात गेलो, तेव्हा पिवळी-पांढरी शेवंती पोत्यांनी पडली होती, देठ हिरवे, पाकळी घट्ट, हातात घेतली तर दव अजून तसंच. अशी फुलं संध्याकाळपर्यंत मांडवात मान टाकत नाहीत, त्यांना एसी लागत नाही, फुलांचे देठ खोचायचा तो हिरवा स्पंजही लागत नाही जो दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातो आणि कुजतच नाही. हे माझं नेहमीचं उत्तर. पाठ झालंय.

आणि हो, पैसे वाचले. नाही कोण म्हणतंय. डेकोरेशनवाल्याचं कोटेशन 1 लाख 10 हजारांचं होतं, आमचं फुलं, हारवाले, टेम्पो सगळं धरून 42 हजारांत झालं. उरलेले कुठे गेले विचाराल तर ड्रोनवाल्याकडे गेले, आणि त्या ड्रोननं आमच्या मांडवाचं पत्र्याचं छप्पर फार छान टिपलंय.

पण लेकीला काय हवं होतं हे मला कोणी विचारत नाही, आणि तेच बरं आहे. तिला फिक्के गुलाबी डच गुलाब हवे होते आणि मधे पांढरी हायड्रेंजिया. तिच्या फोनमध्ये साठेक स्क्रीनशॉट होते. मी म्हणलं, हायड्रेंजिया पाण्यातून काढली की मान टाकते, ती म्हणाली, आई दोन तासांचं तर लग्न आहे. मी म्हणलं, सीझनचं घ्यावं. तर ती म्हणाली, "सीझन सीझन काय करतेस, तुझ्या शेवंतीलासुद्धा रात्रीचे बल्ब लावतात शेतात." आणि ते खरंच आहे. शेवंतीला कळी धरायला लांब रात्र लागते, म्हणून शेतकरी रात्री दिवे लावून तिला थोपवतात आणि भाव असेल तेव्हा फुलू देतात. मला माहीत होतं, तिलाही माहीत असेल असं वाटलं नव्हतं. मी गप्प बसले. आणि तरीही माझंच झालं, कारण चेक माझ्याकडे होता.

एवढा हट्ट कशासाठी, तर त्याला 1998 चा डिसेंबर कारण आहे.

साताऱ्याला धाकट्या बहिणीचं लग्न होतं, बाबा रिटायर झालेले, त्यामुळे सगळी धावपळ माझ्याकडे. मुलाकडची मंडळी मुंबईची. आपलं कुठे कमी दिसायला नको हे माझ्या डोक्यात इतकं बसलेलं की मी ठरवलं, मुंडावळ्या मोगऱ्याच्या आणि बायकांना गजरेही मोगऱ्याचे. बहिणीनं मागितलं नव्हतं हो. तिला विचारलंच नव्हतं कोणी. फुलवाल्या मामांनी मला समजावलं, मोगरा उन्हाळ्याचा, आत्ता आपल्याकडे नाही, आला तर खालून मद्रासकडून येईल, महाग पडेल आणि टिकायची खात्री नाही, त्यापेक्षा कुंद घ्या, हेच दिवस कुंदाचे आहेत. मी म्हणलं कुंदाला वास कुठाय. मामा म्हणाले, "फोटोत वास येत नाही ताई." मला तो उद्धटपणा वाटला.

तर सव्वा किलो कळी मागवली. आदल्या संध्याकाळी पुण्याहून एसटीनं आली, केळीच्या पानात बांधलेली, आणि पान सोडल्यावर सगळ्या माजघरात जो वास पसरला, बायका हातातली कामं टाकून बघायला आल्या. मला काय वाटलं असेल बघा! मामांनी सांगून पाठवलं होतं, ओल्या फडक्यात गुंडाळा, टोपलीत घालून खिडकीपाशी ठेवा, पहाटे ओवायला घ्या, थोडी उमलली तरी चालते. साताऱ्याची डिसेंबरची रात्र, बाहेर आपोआप फ्रीज होता. पण मला धास्ती की रात्रीतच उमलून जाईल. सगळे झोपल्यावर मी उठले आणि ते गाठोडं आमच्या जुन्या सिंगल डोअर फ्रीजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला चिकटून जो ट्रे असायचा ना, दुधाच्या पिशव्या बाहेर काढून त्यात कोंबलं.

पहाटे चारला काढलं. वरची कळी ठीक होती. खाली हात घातला तर भिजवलेला साबुदाणा. अक्षरशः तसं, पारदर्शक, बुळबुळीत, आणि स्वयंपाकघराच्या उबेत दहा मिनिटांत कडेनं तपकिरी व्हायला लागलं. वास फुलदाणीच्या शिळ्या पाण्याचा. मावशी आल्या तेव्हा मी गाठोडं परत टोपलीत ठेवलं होतं, खिडकीपाशी. आणि म्हणलं, बघा, शिळा माल दिला मेल्यानं.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. सत्तावीस वर्षं त्या माणसाच्या नावानं बोटं मोडली सगळ्यांनी. त्याचे 450 रुपये राहिले होते, ते मी दिले नाहीत, उलट तो मागायला आला तेव्हा दारातच सुनावलं. तो म्हणाला, "थंडी लागलीय या फुलाला, ताई." एवढंच. आणि माझ्याकडे बघितलं. नंतर कधीतरी पैसे द्यायला गेले होते, खरंच गेले होते, पण तोवर गाळ्यात मोबाईलचं दुकान झालं होतं, आणि खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

बहिणीच्या मुंडावळ्या आत्यानं मांडवाच्या तोरणातली शेवंती काढून ओवल्या. शेवंती जड, पाकळ्या टोचणाऱ्या, ती कपाळावर आणि गालांवर लोंबत होती, मंगलाष्टकं होईपर्यंत बहीण शिंकत होती, अंतरपाट दूर झाला तेव्हा डोळे लालभडक. सासरकडचे म्हणाले, किती हळवी आहे मुलगी. सगळ्या फोटोंत ती तशीच आहे.

म्हणजे लेकीच्या वेळी मी त्या मामांचं ऐकलं, असं मी स्वतःला सांगत होते. सीझनचं फूल, फ्रीज नको, लपवायला काही नको. पण मामांचं ऐकायचं होतं तर ते 1998 ला ऐकायचं, आणि तेव्हाही मी नवरीला विचारलं नव्हतं, आत्ताही तिचं ऐकून सोडून दिलं. गुलाब दोन तास टिकले असते. कदाचित चार. लेकीनं काही तक्रार केली नाही, पण तिच्या घरी हॉलमध्ये लग्नाचा जो फोटो लावलाय तो मेंदीचा आहे. कधी वाटतं मी बरोबर होते, यार्डातली ती पोती आठवली की अजूनही वाटतं.

आता बहिणीच्या मुलीचं ठरलंय, याच डिसेंबरात. परवा बहिणीचा मेसेज आला : ताई, पोरीला मुंडावळ्या मोगऱ्याच्याच हव्यात म्हणते, डिसेंबरात मिळेल का गं, तुला यातलं कळतं. मिळेल तर. मदुराईकडून रात्रीत येतो आता थर्माकोलच्या पेटीत, फक्त पैसे मोजायचे. चार दिवस झाले, दोन निळ्या टिका तिला दिसत असतील. मी अजून काहीच लिहिलेलं नाही.